हवालदार आबांची फरकाची वही

हवालदार आबा खेळायला बसण्याआधी पायांत बूट घालायचे. आष्ट्याच्या आमच्या गल्लीत घरात बूट घालून बसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास अंघोळ, पूजा, भाकरी उरकली की ते कॉटखालून काळे बूट काढत, फडक्याने पुसत, नाड्या दोनदा आवळून बांधत आणि टीव्हीसमोरच्या लोखंडी खुर्चीवर ताठ बसत. सरूआजी, म्हणजे त्यांच्या मंडळी, नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे बघून पुटपुटायच्या. आबांचं उत्तर ठरलेलं होतं.

"चपला घालून मोहिमेव कोन जातं गं?"

उठतानाही क्रम ठरलेला. आधी खेळाचं मशीन बंद, मग बूट. मशीन चालू असताना बुटाची नाडी सैल केलेली त्यांना खपत नसे.

आबांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. ईशान्येकडे पोस्टिंगला असताना त्यांनी सीमेवरच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला. त्याच्यासोबत एकच कॅसेट होती आणि त्या कॅसेटमधला खेळही एकच. त्यात एक पोरगा गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, वाटेत भेटलेल्या जनावरांशी लढतो आणि लढून लढून हळूहळू ताकदवान होतो. पडद्यावरची अक्षरं जपानी होती की चिनी, यावर गल्लीत दोन मतं होती. दोन्ही मतांच्या लोकांना दोन्ही भाषा येत नव्हत्या.

आबांना याने काही फरक पडत नव्हता. ते म्हणायचे, "हुकूम वाचावा लागत न्हाई. कळतो." लढाईच्या वेळी चार ओळी उमटायच्या. पहिली ओळ दवा, दुसरी मार, तिसरी पळ, चौथी काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरी ओळ म्हणजे पळ, हे त्यांना एकदा चुकून दाबल्यामुळे कळलं होतं. त्यानंतर त्यांनी ती कधी दाबली नाही.

खेळाचं नाव वाचता येत नव्हतं, म्हणून आबांनी त्याला स्वतःच नाव दिलं होतं, सुट्टी. गल्लीतले आम्ही सगळे त्या खेळाला सुट्टीच म्हणत वाढलो, कारण आबांच्या मते त्याची गोष्टच तशी होती. एका शिपायाला घरी जायला सुट्टी मिळाली आहे. सुरुवातीला सिंहासनावर मुकुट घालून बसलेला माणूस म्हणजे सीओ साहेब, पलटणीचे मुख्य. ते शिपायाला समोर उभं करून बराच वेळ बोलतात. "लीव्ह मंजूर, पर जाता जाता एवढं काम कर, असं म्हणत्यात. सायेब लोकांची रीतच हाय ती." शिपाई निघतो. प्रत्येक गावात कोणीतरी त्याला अडवतं. विहिरीत अंगठी पडलेली बाई, रडणारी म्हातारी, बंद फाटकापुढचा पहारेकरी. आबा म्हणायचे, सुट्टीवर निघालेला शिपाई दिसला की लोकांना सगळी राहिलेली कामं आठवतात. ह्याला दवाखान्यात ने, त्याचा दाखला आण. सीओ साहेबांची मुलगी शाळेच्या सहलीत हरवलेली असते, तिला गुहेतून आणून द्यावं लागतं. आणि अगदी शेवटी, काळ्या किल्ल्यात, उंच खुर्चीवर शिंगं असलेला एक जण बसलेला असतो.

तो हेडक्लार्क. सुट्टीचा कागद त्याच्याकडे अडकलेला.

हा हेडक्लार्क एकदा मारून मरत नाही. कोसळतो आणि दुप्पट मोठा होऊन पुन्हा उभा राहतो. आबा तेव्हा खुर्चीत जरा पुढे सरकायचे. "पयली सही झाली. आता दुसरं टेबल."

दुसरं टेबलही आडवं झालं की शिपाई घरी पोहोचायचा. लहानसं घर, चुलीपुढे आई. आबा आम्हाला सांगायचे की आई त्याला म्हणते, आलास? हातपाय धू, भाकरी गरम हाय. मग पडदा काळा व्हायचा, अक्षरं वर सरकायची आणि खेळ संपायचा. पुढच्या रविवारी मशीन लावलं की शिपाई पुन्हा सीओ साहेबांपुढे उभा. कारण आपण कुठवर आलो, याची नोंद त्या खेळात एकाच ठिकाणी करता यायची, सीओ साहेबांपुढे जाऊन. आबा त्याला हजेरी म्हणत. घरी हजेरी लागत नसे. त्यामुळे आबा किल्ला जिंकून घरी पोहोचले, हे मशीनच्या लक्षात राहायचंच नाही. बावीस वर्षं ते असे घरी पोहोचत होते आणि पलटणीत परत जात होते. मध्ये दोनदा कॅसेटमधला सेल संपला, तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बशीर मिस्त्रींनी तापल्या कथलाचा डाक देऊन बदलून दिला. खंडाळ्याच्या कंपनीत असलेल्या मुलाने भिंतीवरचा नवा टीव्ही आणला, त्याला जुनी पिन बसेना. तेव्हा आबांनी नवा टीव्ही आजींना दिला आणि जुना टीव्ही उचलून पडवीत नेला.

मी आमच्या घरातला कॉलेजला गेलेला पहिला मुलगा. वडील दुधाच्या टेम्पोवर आहेत. सांगलीला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो, आणि आमच्या कॉलेजात बहुतेक जण ग्रंथालयाची संगणक प्रणाली बनवतात. दरवर्षी दहा-बारा प्रणाली तयार होतात. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक मात्र अजून रजिस्टरवर सही करूनच मिळतं. यंदा प्रकल्प तपासणाऱ्या मॅडम वैतागून म्हणाल्या की ग्रंथालय सोडून काहीही आणा.

त्याच आठवड्यात वर्गातल्या रोहनने हातात धरून खेळायचं एक जुनं मशीन विकायला काढलं. रोहन पाचगणीच्या निवासी शाळेत शिकलेला. त्याचं इंग्रजी ऐकलं की मला उगाच माझी कॉलर सारखी करावीशी वाटते. त्याने मशीन लावून दाखवलं आणि तळहाताएवढ्या पडद्यावर सिंहासन, मुकुट आणि समोर उभा पोरगा दिसला. मी म्हणालो, "हे तर सीओ साहेब." रोहनने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्याने समजावून सांगितलं की हा फार गाजलेला जुना खेळ आहे, आणि कंपनीने तो हातातल्या मशीनसाठी इंग्रजीत पुन्हा काढलाय. त्यात बरंच बदललंय, बरंच वाढवलंय. कंपन्या असं करतातच, असंही म्हणाला. मी मशीन घेतलं, आणि प्रकल्पाचा विषयही घेतला: एका जुन्या खेळाच्या हातातल्या आवृत्तीतील बदल आणि भर. नवी आवृत्ती माझ्या खिशात होती. मूळ आवृत्ती आणि तिचा जाणकार आमच्या गल्लीत.

आईला विषय सांगितला. ती म्हणाली, "खेळावर प्रकल्प? मग फी कशाची भरतोय आपण?"

आबांनी मात्र विषय ऐकून खुर्ची पुढे ओढली. "म्हंजे तपासणी." मी हो म्हणालो. त्यांनी बूट घातले.

पहिलीच लढाई एका बेडकाशी होती. जुन्या खेळात आबा त्या बेडकाकडे न बघताच मारायचे. सवयीने त्यांनी दुसरी ओळ दाबली. नव्या आवृत्तीत ओळींचा क्रम बदललेला होता, आणि दुसऱ्या ओळीवर पळ होता. शिपाई बेडकाला पाठ दाखवून पळाला. मी इंग्रजी ओळ वाचून सांगितली, "तुम्ही सुखरूप निसटलात." आबांनी मशीन कॉटवर ठेवलं, बूट काढले, आणि आठ दिवस त्या कॉटवर ते झोपलेही नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. शंभर पानी वही आणलेली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फरकाची वही. आत फुटपट्टीने चार रकाने पाडलेले: क्रमांक, मूळ, बदल, शेरा. पहिली नोंद अशी होती: मूळ, दुसरी ओळ मार. बदल, दुसरी ओळ पळ. शेरा, शत्रूच्या सोयीचे, नामंजूर.

पुढचे दोन महिने दर रविवारी मी सांगलीहून येत होतो. आबा खेळायचे, मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो, अडलं की मोबाइलवर शब्द शोधायचो. बदल भरपूर होते आणि आबांना एकही आवडत नव्हता. नव्या आवृत्तीत एक बटण दाबलं की पोरगा धावतो. नामंजूर, पायी जाणाऱ्यालाच वाट कळती. जुन्या खेळात अंगावर आठच वस्तू नेता यायच्या, नव्यात पाठीवर न संपणारी थैली आली. "पिट्टूत नव्व्यान्नव जडीबुटी? मानूस हाय का खेचर?" बोलणाऱ्याचं चित्र आता शेजारी दिसायचं, आणि त्यात आमच्या शिपायाचे केस निळे आणि खांद्यापर्यंत होते. आबांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. "कुठल्या युनिटात चालत्यात असले केस?" खेळाचं संगीत, आबांच्या भाषेत बँड, बारीक वाजतं. सीओ साहेब हरभऱ्याएवढे दिसतात. गावातली म्हातारी आधी एका वाक्यात रडायची, आता सहा वाक्यांत रडते. नवव्या क्रमांकावर मोठी भर होती: आता हजेरी कुठेही लावता येत होती, जंगलात, विहिरीपाशी, ऐन लढाईच्या आधी. आबांना तो सर्वांत मोठा गुन्हा वाटला. "मनाला ईल तितं हजेरी? मग पलटन कशाला पायजे? घरातच बसा की." शेरा, बेशिस्त; नामंजूर. खाली सही.

एकच भर त्यांनी मान्य केली. मारलेल्या प्रत्येक जनावराची चित्रासह माहिती ठेवणारं एक पुस्तक नव्या खेळात होतं. त्याला शेरा मिळाला, मंजूर. आधीच हवे होते.

आणि गोष्ट. मी इंग्रजीतून वाचून दाखवायचो की हा मुलगा जगाचा तारणहार आहे, अंधाराच्या राजाला मारायला निवडलेला आहे. आबा हात झटकायचे. "बदललंय. मुळात सुट्टी हाय." मला ते पटत होतं. रोहननेच तर सांगितलं होतं, कंपन्या असं करतात. आणि खरं सांगायचं तर मला ती गोष्ट लहानपणापासून माहीत होती. ती खोटी असेल असं मनात आलंच नाही. मी प्रकरण दुसरे, कथेतील बदल, असं सव्वीस पानांचं लिहून काढलं. आभाराच्या पानावर आबांचं नाव, हुद्दा आणि मूळ आवृत्तीचे जाणकार असं छापलं. आबांनी त्या पानाची झेरॉक्स काढली, तिला प्लॅस्टिक लावून घेतलं आणि दुधाच्या रांगेत तीन माणसांना वाचायला लावली. सांगलीच्या बुकात आपली तपासणी छापून येणार आहे, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. अंतिम प्रत आली की दुसरं प्रकरण मला वाचून दाखव, असं मला बजावलं. किल्ल्याच्या दाराशी पोहोचून त्यांनी खेळ थांबवला होता. हेडक्लार्काला शेवटी बघू म्हणाले.

मग कॉलेजात सादरीकरण झालं. पडद्यावर तक्ता लावून मी वाचलं, "मूळ आवृत्तीतील अंतिम शत्रू: हेडक्लार्क. नव्या आवृत्तीत: अंधाराचा राजा." वर्ग इतका हसला की व्हरांड्यातून कॉलेजचा शिपाई बघायला आला. मला कारणच कळेना. रोहन हसला नाही, हे मी लिहिलं पाहिजे. तो उठून हळू आवाजात म्हणाला, "अरे अक्षय, मूळ जपानी खेळातही अंधाराचा राजाच आहे. गोष्ट कोणी बदललेलीच नाही. सुट्टीबिट्टी काही नव्हतंच तिथे." त्याने मोबाइलवर मूळ खेळाची ओळ अन् ओळ उलगडून सांगितलेली पानं दाखवली. मॅडमनी बजावलं: आठ दिवसांत दुसरं प्रकरण काढा किंवा पुरावा आणा, नाहीतर प्रकल्प नापास, म्हणजे वर्ष गेलं.

प्रकरण काढणं सोपं होतं. सव्वीस पानं निवडून एक बटण दाबायचं. पण ते प्रकरण आबांना वाचून दाखवायचं होतं. बावीस वर्षांची मोहीम चुकीची होती, हे त्या माणसाला कोणी सांगायचं? वर्ष माझं जाणार होतं, पण त्यांचं काय जाणार होतं, हे मला मोजताही येत नव्हतं. सांगली ते आष्टा एसटीत मी एकच वाक्य चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. चारही तऱ्हा वाईट होत्या.

रविवार, दहा. आबा नाड्या बांधत होते. मी उभ्यानेच सांगितलं.

"आबा, तो हेडक्लार्क नाही. पहिल्यापासून अंधाराचा राजाच होता. जपानीतसुद्धा."

आबा नाडी बांधत राहिले. दुसऱ्या बुटाची गाठ झाल्यावर म्हणाले, "अंधाराचा राजा. आनि त्येचं हापिस कुठं?"

"ऑफिस नाही आबा. किल्ला."

"आनि करतो काय त्यो?"

"सगळ्या जगाला अडवून ठेवतो."

"मग?" आबा म्हणाले.

मी मशीन त्यांच्या हातात दिलं. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. किल्ल्याच्या जिन्यावर ते दोनदा वाट चुकले. जुन्या खेळात ते डोळे मिटून तो जिना चढायचे.

खुर्चीवरचा शिंगवाला बोलू लागला. मी वाचलं, "तू इथवर आलास खरा, पण तुझी वाट इथेच संपते."

आबांनी मान वर केली. "आमचा हेडक्लार्क हेच बोलायचा. हिंदीत." लढाई सुरू झाली. शिंगवाला कोसळला, दुप्पट होऊन उभा राहिला. आबा यावेळी दुसरं टेबल म्हणाले नाहीत. नुसते मारत राहिले. शेवटचा घाव बसल्यावर त्यांनी मशीन मांडीवर ठेवलं आणि पडवीबाहेर बघत म्हणाले, "अक्षा, मला वाचता येत न्हवतं. दिसत तर व्हतं की रं."

मी हो म्हणालो. त्याला होच म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

शिपाई घरी पोहोचला. चुलीपुढे आई. इथेच आबांची भाकरी गरम होती. मी इंग्रजी वाचलं आणि होतं तसं मराठीत सांगितलं. "सारं जग तुझं ऋणी आहे, बाळा."

"कोन म्हनतं?"

"आई."

आबा हसले. "कुठली आई असं बोलती? हे बदललंय." आणि सादरीकरणानंतर पहिल्यांदाच मला वाटलं, रोहनची पानं काहीही म्हणोत, या एका ओळीत आबांचं बरोबर असणार. गेल्या वर्षी मी पहिल्या वर्गात पास झाल्याचं घरी सांगायला गेलो तेव्हा आमची आई म्हणाली होती, चपला बाहेर काढ.

अक्षरं वर सरकून गेली. आता पडदा काळा होईल म्हणून आबा वाट बघत होते. तो झाला नाही. घर परत दिसू लागलं. चूल, आई, शेजारी आमचा शिपाई. आणि उघड्या दाराबाहेर टोपी घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला. मी खालची ओळ वाचली. "राजाचा दूत आला आहे. नवे संकट. तातडीने निघावे." ही नव्या आवृत्तीतली सर्वांत मोठी भर होती, दूताशी जाऊन बोललं की एक आख्खा नवा किल्ला सुरू होतो.

आबांनी विचारलं, "हे मुळात व्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. "ही खरीच भर आहे आबा. रोहनच्या पानांतसुद्धा तसं लिहिलंय. जुन्या खेळात तो घरी पोहोचतो आणि संपतं."

"घरी आल्याव तार," आबा म्हणाले. त्यांनी पडद्यावरच्या त्या टोपीवाल्याकडे असं पाहिलं, जसं बेडकाकडे किंवा हेडक्लार्काकडेही कधी पाहिलं नव्हतं. मग विचारलं, "हितं, घरात, हजेरी लागती का?"

"कुठेही लागते. नऊ क्रमांक. तुम्हीच नामंजूर केलंय."

त्यांनी वही मागितली. मागची पानं उलटून नऊवर आले, नामंजूर या शब्दावर फुटपट्टी ठेवून एक रेघ ओढली, वर मंजूर लिहिलं आणि पूर्ण नाव, हुद्दा, सही केली. मला म्हणाले, लाव. मी बटण दाखवलं, दाबलं त्यांनीच. पडद्यावर उमटलं, नोंद झाली. ठिकाण, घर.

"आणि तो दूत?" मी विचारलं.

"हुबा ऱ्हाऊ दे भाईर."

मग ते वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. मशीन अजून चालूच होतं. स्वयंपाकघराच्या दारातून सरूआजी ते बघत होत्या. त्यांनी मला चहा द्यायला दाराशी बोलावलं आणि कप हातात देताना सांगितलं की पोराच्या बारशाला आबा सुट्टी घेऊन आले होते. घुगऱ्या भिजत घातलेल्या, आणि दारात तारवाला, ताबडतोब हजर व्हा म्हणून. पोराचं नाव काय ठेवलं, ते त्यांना पत्रातून कळलं. एवढं बोलून त्या आत गेल्या. आबांनी आम्हाला खेळाची इतकी गोष्ट सांगितली, ही कधी सांगितली नव्हती.

मी दुसरं प्रकरण काढलं, पण फेकलं नाही. परिशिष्ट म्हणून शेवटी जोडलं, वर स्पष्ट लिहिलं की ही मूळ कथा नव्हे, एका खेळाडूला बावीस वर्षांत दिसलेली कथा आहे. आबांना तसंच वाचून दाखवलं. त्यांनी फक्त हेडक्लार्काच्या वर्णनात शिंगांची लांबी कमी लिहिली आहे, एवढी हरकत घेतली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पानं चाळली. शेवटच्या भरीबद्दल विचारलं, कारण तिथे मी एकच ओळ लिहिली होती: अतिरिक्त किल्ला, तपासलेला नाही. का नाही, असं ते म्हणाले. मी बराच विचार करून सांगितलं की वापरकर्त्याने नामंजूर केला. सरांनी अपूर्ण असा शेरा मारून गुण कापले. परिशिष्ट मात्र जरा थांबून वाचलं, आणि त्यांना त्यांच्या विद्यापीठातला कोणीतरी आठवला असावा, कारण हेडक्लार्काच्या पानावर ते एकटेच हसले. मी पास झालो.

आबा त्यानंतरच्या थंडीत गेले. पडवीत, दुपारी, खुर्चीत. पाय अनवाणी होते. गल्लीत लोक म्हणाले, भला माणूस, पण एका खेळापायी आयुष्य घालवलं. म्हणणाऱ्यांपैकी दोघांची सगळी दुपार मोबाइलवर जाते, पण अशा वेळी ते बोलायचं नसतं.

मशीन माझं आहे, तरी ते आजींकडेच ठेवलंय. मी सांगलीहून आलो की त्या ते डब्यातून काढतात. बरेच दिवस पडून असलं की बंद पडतं, म्हणून आधी चार्जिंगला लावायला सांगतात. त्यांना खेळ येत नाही, शिकायचाही नाही. त्या शेंगा फोडत बसतात आणि हिरवा दिवा लागला की विचारतात, "बघ रं. हाय का घरात?"

मी मशीन लावतो. चूल दिसते, आई दिसते, निळ्या केसांचा आमचा शिपाई दिसतो. दाराबाहेर तो टोपीवाला अजून उभा आहे.

"आहे," मी सांगतो.